न सोसलेलं कुंकू

आई आरशासमोर बसली की घरातलं कुणी तिला हाक मारत नसे. तेवढी पाच मिनिटं तिची असत. पेणला गणपतीच्या एका कारखान्याच्या भिंतीला लागून आमचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. पुढं पडवी, मागं विहीर आणि विहिरीकडेला अळूचं बन. कारखान्यातून दिवसभर माती कालवल्याचा चपाचप आवाज येई. त्यात रंगांचा वास मिसळे, आणि आषाढ लागला की तो इतका वाढे की आमच्या भातालासुद्धा तो आहे असं वाटायचं. माझे वडील, नाना, तिथं आखणीला होते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे आणि भुवया रेखणं. सगळ्या कामांत हे काम अवघड, कारण तिथं हात चुकला तर देवाची नजर चुकते, असं नाना म्हणत. आई सकाळी न्हाऊन आली की खिडकीतला हातभर आरसा जात्यावर टेकवून ठेवी. बोटावर मेण घेऊन कपाळावर गोल फिरवी, मग डबीतलं कुंकू चिमटीनं त्यावर दाबी आणि कडेची पूड पदराच्या टोकानं पुसून टाकी. रुपयाएवढं गोल, कुठं तसूभर वाकडं नाही. नाना एकदा म्हणाले होते, "कारखान्यात आलीस तर मला घरी बसावं लागंल." आई दिवसभर त्या वाक्यावर खूश होती.

घरात चौथं माणूस होतं ती अक्का, नानांची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती भावाकडे आली, ती कायमची. मला तिनंच वाढवलं. उंच, सडपातळ, बोलायला फटकळ, आणि हात असा की कुळथाची पिठी केली तरी माणसानं दोनदा भात मागून घ्यावा. पहाटे तिच्या भाकऱ्यांच्या थापटण्यानं मला जाग येई. तांदळाची भाकरी, वर सुकटीचं कालवण, थंडीत वालाचं बिरडं. तिचं कपाळ कोरं होतं. मला ते कधी वेगळं वाटलंच नाही. आईचं कपाळ लाल आणि अक्काचं कोरं, जसे नानांचे केस काळे आणि अक्काचे पिकलेले. लहान मुलाला घरातलं सगळं असंच असायचं असतं, असं वाटतं.

मी सातवीत होते त्या वर्षी होळीनंतर आईच्या कपाळाला खाज सुटायला लागली. आधी तिनं ते घामावर ढकललं. मग कुंकवाच्या कडेनं मोहरीएवढे दाणे दिसायला लागले. रात्री कुंकू पुसल्यावर खालची कातडी लालभडक दिसे, सकाळी तिथं चिकट पाणी सुटलेलं असे. शेजारणी येऊन बघून जात आणि प्रत्येकीकडे एक औषध असे. कुणी लिंबू चोळायला सांगितलं, ते चोळल्यावर आई पडवीत बसून रडली. कुणी कडुनिंबाचा पाला वाटून लावला. एकीनं गजकर्ण म्हटलं आणि दुकानातलं कसलंसं पिवळं मलम दिलं, त्यानं चार दिवस बरं वाटलं आणि पाचव्या दिवशी दुप्पट झालं. एक म्हातारी दारातूनच म्हणाली, "गो बाय, देवीचं काय राहिलंय काय तुमच्याकडं?" ते मात्र अक्काच्या मनात रुतलं.

आईला लाज वाटे ती दाण्यांची. ते झाकायला तिनं कुंकू मोठं केलं. रुपयाएवढं होतं ते पुरीएवढं झालं. बाजारात बायका थांबवून म्हणत, "काय शोभतंय गो तुला!" आणि आई हसून पदर सारखा करी. आत काय चाललंय ते मला ठाऊक होतं, कारण रात्री खोबरेल तेलाच्या बोळ्यानं ते पुसायचं काम माझं होतं. पुसताना ती दात आवळून घेई. जेवढे दाणे वाढत तेवढं कुंकू मोठं होई, आणि जेवढं कुंकू मोठं होई तेवढे दाणे वाढत. आम्ही तिघी बायका रोज ते बघत होतो, पण दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेल हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. आज सांगताना मलाच नवल वाटतं. पण कुंकवावर संशय घ्यायचा, ही गोष्ट आमच्या घरात सुचण्यासारखी नव्हतीच.

नानांना वेगळाच संशय होता, आणि तो त्यांना आतून खात होता. कारखान्यातले रंग, वार्निश, रॉकेल, हे सगळं हातांना लागायचं. आपल्याच हातानं हे घरी आलं असं त्यांनी धरलं. कामावरून आले की विहिरीवर राख घेऊन कोपरापर्यंत हात घासत बसत, इतके की कातडी सोलायची. आईच्या ताटाला हात लावीनात. कुणाला काही बोलले नाहीत, पण एकदा मी पाणी ओतत असताना म्हणाले, "सुमे, माझं काम आईला बाधलं का गो?" मी बारा-तेरा वर्षांची. मी नुसतं पाणी ओतत राहिले.

चैत्रात आईला दोन दिवस कणकण होती, आणि तिसऱ्या सकाळी ती उठलीच नाही. मी हलवलं तेव्हा तिनं तोंड माझ्याकडे वळवलं, आणि मी मागं सरकले. कपाळ सुजून भुवईवर आलं होतं. डावा डोळा मिटला होता, गाल तांबडा, अंग तव्यासारखं. कपाळावरच्या खपल्यांखालून पू येत होता. अक्का देवापुढं धूप घालायला गेली आणि म्हणाली, अंगारा आणते, कुणी घराबाहेर पडू नका. मी तशीच अनवाणी कारखान्यात पळाले. नाना एका बैठ्या मूर्तीसमोर उकिडवे बसले होते. एक डोळा आखून झाला होता, दुसऱ्यावर कुंचला टेकणार एवढ्यात मी ओरडले, "नाना, आईचा डोळा गेला!" त्यांनी कुंचला खाली ठेवला आणि उठले. आखणी अर्ध्यावर सोडून नाना उठलेले मी ते एकदाच बघितले.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी आईला टेबलावर झोपवलं, पापणी उघडून बघितली आणि आधी सुई टोचली. मग नानांवर भडकले. "किती दिवस झाले ताप येऊन? परवापासून? आणि आज आणताय? पुरळ उठलं ते वेगळं, पण त्यात पू झालाय. पू झाला, ताप आला, डोळ्याकडे सूज चालली, असं दिसलं की त्याच घटकेला यायचं. आणखी दोन दिवस काढले असते तर डोळ्यावर बेतलं असतं." आठवडाभर सुया झाल्या, गोळ्या झाल्या, सूज उतरली, डोळा उघडला. शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "पू होता तो गेला. पण मुळात पुरळ कशानं उठलं ते मला सांगता येणार नाही. ते शोधा, नाहीतर परत येईल." आणि तसंच झालं. बरं वाटलं म्हणून आईनं पुन्हा कुंकू लावलं, आणि तिसऱ्या दिवशी दाणे हजर.

त्याच सुमारास दत्तामामा आला. आईचा धाकटा भाऊ. आईचं माहेर वरश्याचं, रोह्याला लागून. धाकट्या मावशीचं लग्न वैशाखात ठरलं होतं, त्याचं आमंत्रण घेऊन तो आला होता. रोह्याकडे तेव्हा नव्या नव्या कंपन्या निघत होत्या आणि मामा एकीत शिफ्टला जायचा. आईचं कपाळ बघून तो पडवीतच खाली बसला. मग त्यानं स्वतःचे दोन्ही हात पुढं केले. "हे बघ ताई. गेल्या वर्षी माझ्या हातांची सालटी निघत होती. भाकरी मोडता येत नव्हती. मुंबईच्या एक डॉक्टरीणबाई रोह्याला येतात, गुरुवारी नि शनिवारी. नुसत्या कातडीच्याच डॉक्टर. त्यांनी शोधून काढलं, एका पावडरीनं होत होतं. हातमोजे घालायला लावले. आता बघ." हात स्वच्छ होते. नाना ते हात उलटसुलट करून बघत राहिले, मूर्तीचा हात बघावा तसे.

आम्ही गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं निघालो. आई, मी आणि मामा. नानांना यायचं होतं, पण आई म्हणाली, आधीच आठवडा बुडलाय. आईनं पदर कपाळावर ओढून घेतला होता. नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा मामानं खिडकीतून गरम भजी दिली, आणि कितीतरी दिवसांनी आईनं काहीतरी चवीनं खाल्लं.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या असतील. जाड चष्मा, पांढरी साडी, कपाळावर बारीक कुंकू. त्यांनी औषध लिहिलंच नाही. नुसतं विचारत राहिल्या. आधी कुठं उठलं, कडेला की मधे? खाजतं की दुखतं? हात लावलेलं कळतं ना? तो चट्टा बधिर तर नाही? अंगावर दुसरीकडे कुठं आहे? घरात आणखी कुणाला? काही नवं औषध घेतलं होतं? शेवटी मला म्हणाल्या, "तुला लिहिता येतं ना? मग आईच्या कपाळाला दिवसभरात काय काय लागतं ते सगळं लिही. काही सोडू नकोस. घाम लागत असेल तर घामही लिही." मी मामाच्या पेनानं लिहायला बसले. खोबरेल तेल, अंगाचा साबण, शिकेकाई, मेण, कुंकू, हळद, पदराचा नवा रंग. मग जरा थांबले आणि लिहिलं, नानांच्या हातचा रंग. आईनं ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. पण खोडायला सांगितलं नाही.

या सगळ्या वस्तू चिमूटचिमूट आणायच्या होत्या. आम्ही वरश्याला थांबलो आणि मामा शुक्रवारी पेणला जाऊन नानांकडून पुड्या घेऊन आला. नानांनी लाल रंगाची पुडी वेगळ्या कागदात बांधून वर स्वतःचं नाव लिहिलं होतं. शनिवारी बाईंनी आईच्या पाठीवर एकेका वस्तूचा ठिपका ठेवला, वर चिकटपट्टी लावली, शाईनं आकडे घातले आणि सांगितलं, पाठ भिजवायची नाही, खाजवायची नाही. येत्या सोमवारी मी मुद्दाम थांबते, तेव्हा उघडू.

पुढचे दोन दिवसही आम्ही वरश्यालाच राहिलो. मामाच्या दारात लग्नाच्या पापडांची वाळवणं पडली होती. मावशी, जिचं लग्न होतं ती, आईच्या मागंमागं फिरत होती. आई माहेरी आली की तिचा आवाजच बदले. ती मोठ्यानं हसायची, मामीशी भांडायची, कैरीला मीठ लावून चोरून खायची. पण रविवारी दुपारपासून ती गप्प झाली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "सुमे, एकाच ठिकाणी खाजतंय गो. डाव्या अंगाला. काय हाय तिथं?" मी आकडा बघितला. पाच. यादी माझ्याकडेच होती. मी खोटं बोलले, म्हटलं, शाई पुसली गेलीय, दिसत नाही.

सोमवारी बाईंनी पट्टी उलगडली. सात ठिपक्यांची जागा साफ होती. नानांचा रंग ठेवला होता तिथं काहीही नव्हतं. पाचव्या जागी मात्र लाल चट्टा आणि त्यावर बारीक फोड, जसेच्या तसे कपाळावरचे. बाईंनी दोन आरसे समोरासमोर धरून आईला तो दाखवला. "हे तुमचं कुंकू." आई हळूच म्हणाली, "बाई, पंधरा वर्षं लावतेय मी. आत्ताच कसं?" बाईंनी चष्मा काढला. "कातडी वर्षानुवर्षं सोसते. एखाद्या दिवशी नको म्हणते, आणि एकदा नको म्हणाली की मग कायमचं नको. कुंकवातला जो रंग असतो, तो तुम्हाला चालत नाही. हा रोग नाही, कुणाला तुमच्यापासून व्हायचा नाही, आणि देवाधर्माचाही यात काही संबंध नाही. लावायचं बंद करा, महिन्याभरात कपाळ पूर्वीसारखं होईल." दुसऱ्या दुकानाचं चालेल का, ओलं चालेल का, असं मामानं विचारलं. बहुतेकांत तसलेच रंग, असं त्या म्हणाल्या, आणि निदान वर्षभर तरी कसलाच प्रयोग करू नका.

मग माझ्याकडे वळून त्यांनी यादीच्या पाठीवर लिहायला लावलं. तो कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे. पुरळ बहुतेक वेळा साधं असतं. काय नवं लागलं, काय नवं खाल्लं ते आठवावं, ते बंद करावं आणि आपल्या मनानं कसलं मलम लावू नये. दोन आठवड्यांत गेलं नाही तर दाखवावं. चट्टा खाजत नाही आणि तिथं लागलेलं कळत नाही, तर तोही दाखवावा, लाजू नये. आणि ताप, पू, डोळ्याला किंवा तोंडाच्या आत फोड, औषध घेतल्यावर अंगभर उठणं, ओठ सुजून श्वासाला त्रास, यांतलं काहीही दिसलं तर उद्यावर टाकू नये. हल्ली माझ्या नातीच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखाली पुरळ उठलं तेव्हा तिनं मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरला पाठवला आणि तासाभरात पट्टा बदलला. मी तिला कागद दाखवला तर म्हणाली, आजी, तुझं अक्षर किती छान होतं!

घरी आलो तेव्हा नाना दारातच उभे होते. आईनं पहिलं वाक्य उच्चारलं ते, "तुमचा रंग नाय हो." नाना पडवीच्या खांबाला धरून खाली बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांवर धोतराचा सोगा धरला. मग कशानं होतं ते आईनं सांगितलं. आत अक्काच्या हातातली पळी थांबली.

अक्का ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बाहेर आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मी पुसलं ते माझं माणूस गेल्यावर. चौघींनी धरून पुसलं. तू जित्या माणसाच्या नावाचं पुसणार?"

"अक्का, डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

"त्यांना भाऊ हाय काय? मला एकच हाय." एवढं बोलून ती आत गेली. त्या दिवसापासून अक्का आईशी बोलेना. स्वयंपाक करी, वाढी, पण नजर वर करीत नसे. नानांना साधी शिंक आली तरी तिचा हात थांबे. ती दुष्ट नव्हती. तिला खरोखर भीती वाटत होती, आणि ती भीती तिनं बाविसाव्या वर्षापासून सांभाळलेली होती. आईचीही अवस्था बरी नव्हती. तिनं आरसा जात्यावरून उचलून खिडकीत पालथा ठेवला होता. विहिरीवर बायका नसतील त्या वेळी पाणी भरायला जाई. कपाळ बरं होत होतं, खपल्या गळत होत्या, आणि आई मात्र रोज थोडी थोडी लहान होत चालली होती. "मला आरशात बघवत नाय गो," ती मला म्हणाली, "कुणी परकीच बाई दिसते."

लग्नाला आठ दिवस उरले असतील. शाळेला सुट्टी लागली होती. दुपारी नाना कारखान्यात, आई माळ्यावर भांडी काढत होती. मी पाणी प्यायला आत गेले तर अक्का चुलीजवळ पाठमोरी बसली होती आणि डाव्या हाताला काहीतरी बांधत होती. मला बघून ती दचकली. उजव्या बाजूला आईची कुंकवाची डबी उघडी. मला काही कळेना. अक्कानं इतक्या वर्षांत कुंकवाला बोट लावलं नव्हतं. हळदी-कुंकवाच्या दिवशी तर ती आतल्या खोलीबाहेर येत नसे.

"ओरडू नको," ती म्हणाली. "बस."

मी बसले. तिनं हातावरची चिंधी सोडली. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी मऊ असते तिथं, कुंकवाचा ठिपका होता. "चार दिवस झाले. रोज नवीन लावते. तूच सांगितलंस ना, पाठीला लावून बघतात म्हणून? माझी पाठ मला कशी दिसणार? म्हणून हाताला लावलं." तिनं ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं. खाली कातडी जशीच्या तशी. तिनं हात माझ्यापुढं धरला. "बघ नीट. तुझे डोळे चांगले हायत. काय उठलंय?"

"काय नाय अक्का."

"खाजतही नाय." तिनं कोपर उजेडाकडे वळवून पुन्हा बघितलं. "मी म्हटलं कुंकूच वाईट निघालं असंल, नायतर तीच काय लपवते हाय. तसं नाय. कुंकवात दोष नाय नि तिच्यातही नाय. दोघांचं जमत नाय, एवढंच." मग तिनं चिंधीची घडी केली, डबी बंद करून जागेवर ठेवली. उठताना म्हणाली, "इतक्या वर्षांनी अंगाला लावलं गो. मला वाटलं होतं हात जळंल." मी आईला हे पुढं कितीतरी वर्षांनी सांगितलं. तेव्हा सांगू नको म्हणून अक्कानं मला गूळ-खोबरं दिलं होतं.

लग्नाला आम्ही सगळे वरश्याला गेलो. अक्काही आली, याचं आईला नवलच वाटलं. हळदीच्या दिवशी मांडव गजबजलेला. नाना शिडीवर चढून आंब्याचे टाळे बांधत होते. अक्का तिच्या नेहमीच्या रिवाजानं मागच्या पडवीत, बिरड्यासाठी वाल सोलायला बसली होती. नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या, आणि थोरली बहीण म्हणून पहिली हळद आईनं लावायची होती. मावशी पाटावर बसली. आईनं पदर कपाळावर ओढला होता, पण वाटीत हात घालायला वाकली तेव्हा तो मागं गेला. नवऱ्याची एक चुलती तिथंच उभी होती. आईचं मंगळसूत्र पदराआड होतं, हिरव्या बांगड्या वर सारून पदराखाली गेलेल्या, तिला दिसलं ते कोरं कपाळ. तिनं आईचा खांदा धरला. आवाज काही कडक नव्हता तिचा, उलट समजूत घातल्यासारखा होता. "बाय, राहू दे गो. ज्यांचं हाय त्यांनी लावू दे. वाईट वाटून घेऊ नको." आईच्या बोटांना हळद लागलेली होती. ती तशीच हात अधांतरी धरून मागं सरली. तिनं सांगितलंच नाही की माझा नवरा जिवंत आहे. तिला ते सुचलंच नाही. लाज अशी बसली होती तिच्यात.

आणि मागच्या पडवीतून अक्का आली. पदराला वालाची सालं चिकटलेली, दोन्ही हात ओले. हळदीच्या पाटाजवळ विधवा बाई कशी येते म्हणून दोघीतिघी आपोआप बाजूला झाल्या, त्यामुळं तिला वाट मिळाली. तिनं शिडीकडे बोट केलं. "तो वर चढलाय तो कोण? तो हिचा नवरा, माझा भाऊ. खाली उतर रे, तोंड दाखव यांना." नाना आंब्याची डहाळी हातात घेऊन तिथंच थबकले. "हिला कुंकू सोसत नाय. डोळा जायचा होता त्यानं. डॉक्टरीणबाईंनी पाठीवर बघून सांगितलंय." चुलती पुटपुटली, "अवो पण रीत असते..." तेव्हा अक्काचा आवाज चढला. "रीत मला सांगता? माझं माणूस गेलं त्या सकाळी माझ्या कपाळावर कुंकू होतं. ह्या एवढं. पूजा करून लावलेलं. तांबडं लावून माणूस राहत असता तर माझा राहिला असता."

मग पाटावरून मावशीचा आवाज आला, "ताई, लाव ना गो. पाय दुखायला लागले." ती हसत होती आणि रडतही होती. त्या चुलतीनं हळदीची वाटी उचलली आणि स्वतः आईपुढं धरली. आईनं मावशीच्या गालांना, हातांना, पावलांना हळद लावली. अक्का परत वाल सोलायला निघाली तर आईनं तिचा ओला हात पकडला आणि तिला तिथंच बसवून घेतलं. संध्याकाळचं बिरडं त्या दिवशी जरा उशिराच शिजलं.

आईनं पुन्हा कधी कुंकू लावलं नाही. घरी आल्यावर आरसा सरळ केला. पाच मिनिटांची तिची बैठक तशीच राहिली, फक्त आता ती केस नीट विंचरी आणि अंबाड्यात सोनटक्का खोवी. विहिरीवर कुणी विचारलं तर सरळ सांगे, आणि ऐकून चारदोन बायका आपापले हात, मान, पाय दाखवायला आमच्या पडवीत येऊ लागल्या. आई त्यांना औषध देत नसे. माझा कागद वाचून दाखवायला लावी आणि म्हणे, "बाकी सगळं तुझं तू बघ, पण ताप आला तर माझ्याकडं येऊ नको, डॉक्टरकडं जा."

नाना पंचाहत्तर वर्षं जगले. शेवटच्या वर्षापर्यंत आषाढात ते कारखान्यात जाऊन बसत, नव्या आखणीवाल्यांच्या चुका काढत. एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. घर माणसांनी भरलं. मी सासरहून, रोह्याहून पोचले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती आणि अक्का तिच्या शेजारी. अक्का तेव्हा ऐंशीच्या पुढं, डोळ्यांनी अधू, पण बसलेली ताठ. आळीतली एक वयस्क बाई रिवाजाप्रमाणे पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि आईपुढं वाकली. अक्काला दिसत नव्हतं, पण तांब्याचा आवाज कळला.

"ठेव तो खाली," ती म्हणाली. "पुसायला तिथं काय नाय. नि कुंकवाबगर भाऊ माझा नातवंडांचे संसार बघून गेलाय." मग तिनं चाचपडत आईचे दोन्ही हात शोधले, बांगड्यांवरून आपली बोटं घट्ट लपेटली, आणि सगळ्या बायका निघून जाईपर्यंत ती सोडली नाहीत.

आईच्या हातांतल्या हिरव्या बांगड्या तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत वाजत होत्या.